वाऱ्याची वेळ

त्या मुलखात पंख जन्मतः मिळत, पण उडणं शिकावं लागे.

तळ्याच्या मधोमध एक बेट होतं आणि बेटावर सगळ्या पाखरांची मिळून एकच शाळा होती. बगळ्याचं पिल्लू असो, पाणकावळ्याचं असो, होल्याचं असो की टिटवीचं, सगळी एकाच खडकावर चढत आणि एकाच खडकावरून खाली ढकलली जात. शाळा बेटावर असण्याचं कारण होतं कोल्हे. ते तळ्याच्या काठावर राहत. पाणी असेपर्यंत कोल्हे तिकडे आणि पिल्लं इकडे, असा साधा व्यवहार होता. उन्हाळा चढला की पाणी उतरे, मधल्या चिखलाची पाठ वर येई, ती वाळली की कोल्हे चालत बेटावर येत. दरवर्षी येत आणि दरवर्षी त्यांना रिकामी घरटी, थोडी पिसं आणि शिटांनी पांढरे झालेले दगड मिळत. तोवर शाळा सुटलेली असे, आणि सुटलेली शाळा आकाशात असे.

शाळेचं वेळापत्रक म्हणाल तर एका वाऱ्याएवढं. सकाळी ऊन कोवळं असताना पाण्यावरून वारा येई, खडकावर आदळून सरळ वर चढे, आणि तो इतका मायाळू असे की अर्ध्या पिसांच्या पिल्लालाही अलगद उचलून घेई. एकदा तर म्हणे एक अंडंच त्याने उचललं होतं आणि ते वरच फुटून पिल्लू थेट उडायला लागलं होतं. ऊन तापलं की मात्र वारा पडे. मग त्याच खडकावरून उडी मारणारं पिल्लू नुसतं पडे.

शिकवायला भिंगरीबाई होत्या. चोचीने तिखट, शेपटीने दुभंगलेल्या, जमिनीवर बसणं म्हणजे आजारपण असं मानणाऱ्या. "ए बगळोबा, मान आत घे! लग्नाची वरात बघायला आलायस का? आणि तू गं, पंख आहेत ते, पदर नाही, झाकून काय घेतेस? चला, पुढचं!" असं म्हणून त्या मागून डोकं मारत आणि पिल्लू हवेत जाई. पिल्लं रडत, ओरडत, आईला हाका मारत, आणि तेवढ्यात आपण उडतोय हे ध्यानात आलं की गप्प होत.

प्रार्थना शाळेत नव्हत्या. त्या ज्याच्या त्याच्या घरट्यात होत. जग कुणाच्या तरी एका पायावर उभं आहे असं बगळे मानत, म्हणून तेही एका पायावर उभे राहून डोळे मिटत. पाणकावळे सूर्याकडे तोंड करून दोन्ही पंख पसरून ठेवत. होले गोल फिरत, वाकत आणि घुमत. कुणी कुणाला काही विचारत नसे. सकाळी विचारायला वेळ नसे आणि संध्याकाळी सगळे दमलेले असत.

एका वर्षी बगळ्याचं एक पिल्लू खडकावरून पडलं आणि मेलं. त्याने मान आत घेतली नव्हती, एवढंच झालं होतं. पण ते होतं धवलबुवांच्या नात्यातलं. धवलबुवा बगळ्यांमध्ये मोठे. इतका वेळ एका पायावर उभे राहत की त्यांचा दुसरा पाय कुणी पाहिलेलाच नव्हता, आणि तो आहे की नाही यावर तरुण बगळ्यांमध्ये दोन तट होते.

धवलबुवा शाळेत आले. "बाई," ते म्हणाले, "उडी मारण्याआधी पोराने डोळे मिटले होते का?"

"डोळे मिटून उडी मारली असती तर खाली पोचायच्या आधीच मेलं असतं की," भिंगरीबाई म्हणाल्या.

"चेष्टा नको. पोर गेलंय आमचं. आम्ही काय मागतोय? पिल्लांनी खडकावर चढायच्या आधी जरा एका पायावर उभं राहावं. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. त्याने काय तुमचा वारा संपणार आहे?"

मेलेल्या पिल्लाची आई शेजारी उभी होती. तिच्याकडे पाहून भिंगरीबाईंना नाही म्हणवेना. तेवढ्याने वारा खरंच संपत नव्हता. त्या म्हणाल्या, "बरं."

त्या दिवसापासून सगळी पिल्लं सकाळी आधी एका पायावर उभी राहू लागली. ज्यांना जमत नव्हतं ती शेजाऱ्याला धरत, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला धरे, आणि मग सगळी रांग एकदम कोसळे. पिल्लांना मजा वाटे. पण पापणी लवते तेवढा वेळ पुढे बगळ्याच्या पापणीने मोजायचा असं ठरलं, आणि बगळ्याची पापणी, तुम्ही पाहिली असेल तर ठाऊक असेल, सावकाश लवते.

लगेच पाणकावळे आले. त्यांचे पुढारी भिजकेपंत. त्यांचे पंख कधी वाळलेच नव्हते, त्यामुळे ते बोलत तेव्हा समोरच्यावर शिंतोडे उडत. "आमची पोरं एका पायावर उभी राहतात. आमचं काही म्हणणं नाही. पण मग बगळ्याच्या पोरांनी पंख पसरून सूर्याकडे बघायला नको का? की सूर्य फक्त आमच्यापुरता उगवतो?"

बोलणं न्यायाचं होतं. पंख पसरून उभं राहणं सुरू झालं. मग होल्यांच्या घुमेकाकू आल्या. त्या भांडल्या नाहीत. त्या नुसत्या रडल्या. "आम्ही गरीब, आमचा आवाज लहान," एवढंच म्हणत राहिल्या, ते इतक्या मोठ्याने की पलीकडच्या काठावरचे कोल्हे उठून बसले. होल्यांचं गोल फिरणंही सुरू झालं. शेवटी खंड्या आला. तो म्हणाला, "माझा कशावर विश्वास नाही. माशावर आहे, तोही चोचीत आल्यावर. मग माझ्या पोरांनी हे सगळं का करायचं?"

सगळे विचारात पडले. खंड्याशी कुणाला वाकडं घ्यायचं नव्हतं, त्याची चोच मोठी होती. तोड निघाली. ज्यांचा कशावरच विश्वास नाही त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून काहीच न करता उभं राहायचं. हे काहीच न करणं इतरांपेक्षा कमी वेळ चाललं तर खंड्याचा अपमान, म्हणून तेही तेवढाच वेळ.

आता सकाळचा बराचसा वारा पिल्लांच्या अंगावरून नुसता निघून जाई. भिंगरीबाई खडकावर एकट्या बसून त्याच्याकडे बघत. पिल्लांपैकी निम्मी खडकापर्यंत पोचतच नसत.

याच शाळेत भागा टिटवीची ठिपकी होती. भागाने त्या वर्षी बेटाच्या कडेच्या गोट्यांत अंडी घातली होती. एक सापाने नेलं, एक पोहत आलेल्या म्हशीच्या खुराखाली गेलं, एक नुसतंच उबलं नाही. उरली ठिपकी. पाय लांब, डोकं मोठं, आणि पाठीवर इतके ठिपके की दगडांत बसली की आईलाही सापडत नसे. भागाचं घरटं अगदी पाण्याच्या कडेला होतं, म्हणून पाणी उतरतंय हे तिला रोज अंथरुणातच कळे. काल पाय ओले व्हायचे तिथे आज कोरडं असे.

एका सकाळी भिंगरीबाई स्वतः तिच्याकडे आल्या.

"भागा, तुझ्या पोरीचे पंख चांगले आहेत. वारा मिळाला तर ती उडेल."

"मग द्या की वारा."

"कसा देऊ? ती रांगेत उभी असते. बगळ्यांचं झालं की पाणकावळ्यांचं, मग होल्यांचं, मग खंड्याचं 'काहीच नाही'. पण एक आहे. टिटव्यांची प्रार्थना शाळेत नाही. तू सभेत जा आणि म्हण, आमच्या पोरांना त्या वेळेत मोकळं सोडा. तेवढ्या वेळात मी त्यांना खडकावर नेते. तुला कुणी अडवणार नाही. तुझं काही भांडणच नाही कुणाशी."

भागाला हे पटलं. सभेच्या वाटेवर ती तेच वाक्य घोकत गेली. आमच्या पोरांना मोकळं सोडा. आमच्या पोरांना मोकळं सोडा.

सभा बाभळीखाली भरली होती. धवलबुवा मधे, भिजकेपंत उन्हात, घुमेकाकू सावलीत. भागा उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या पोरांना प्रार्थनेच्या वेळेत मोकळं सोडा. आमची प्रार्थना शाळेत नाही."

"नाही म्हणजे?" घुमेकाकूंनी मान वाकडी केली. "तुमच्यात प्रार्थनाच नाही की काय? अगं बाई!"

"आहे की त्यांच्यात," भिजकेपंत म्हणाले, "झोपताना तंगड्या वर करतात ना. आकाश पडू नये म्हणून!"

सभा हसली. पाणकावळ्यांनी शिंतोडे उडवले, होले घुमून घुमून हसले, आणि एका तरुण बगळ्याने हसता हसता दुसरा पाय खाली टेकवला आणि पटकन वर घेतला.

टिटव्यांचं खरंच तसं होतं. त्या पाठीवर निजत आणि दोन्ही पाय आकाशाकडे ताठ करून ठेवत. आपण पाय काढले तर आकाश खाली येईल असं त्यांची आई त्यांना सांगे, आईला तिच्या आईने सांगितलेलं असे. भागाने त्यावर कधी फार विचार केला नव्हता. ती रोज पाय वर करून झोपे आणि रोज सकाळी आकाश जागेवर असे, एवढ्यावर तिचं भागत होतं.

"तंगड्यांना आम्ही प्रार्थना म्हणायचं का?" धवलबुवा हळूच म्हणाले. ते कधी मोठ्याने बोलत नसत. "पोरं मोकळी हवीत तर घेऊन जा. आमची ना नाही. पण मोकळं म्हणजे काय, तेही एकदा समजून घ्या, भागाबाई. ज्यांना काही धरायलाच नाही, ते मोकळे."

आता तिने 'बरं' म्हणून पोरीला घेऊन जायचं होतं. तिला हवं ते मिळालं होतं. पण सगळे तिच्या पायांकडे बघत होते. तिचे पाय पिवळे होते आणि लांब होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते तिला लपवावेसे वाटले. मग तेच तिला सहन होईना.

"तुमचा तो एक पाय जग धरतो," ती ओरडली, टिटवीच ती, ओरडणारच, "आणि आमचे दोन पाय आकाश धरतात ते हसण्यावारी? आम्ही एक रात्र पाय खाली केले तर तुमचं जग ठेवायचं कुठे? आमचीही प्रार्थना शाळेत पाहिजे! सगळ्यांनी करायची! तुमच्या पोरांनीसुद्धा!"

धवलबुवांनी एक डोळा उघडला. तो त्यांनी बऱ्याच वर्षांत उघडला नव्हता. "मागणी न्यायाची आहे," ते म्हणाले.

भागा घरी आली ती जवळजवळ नाचत आली. भिंगरीबाई वाट बघत होत्या.

"काय झालं? सोडतात का पोरांना?"

"सोडतात कशाला? आपली प्रार्थना लागली! शेवटची. सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे मानाची जागा."

भिंगरीबाई म्हणाल्या, "तू काय मागायला गेली होतीस आणि काय घेऊन आलीस?"

"मान घेऊन आले."

"मानाने उडता येतं का गं?"

"तुम्हाला नाही कळायचं बाई," भागा म्हणाली. "तुमच्या पायांना कुणी हसलेलं नाही. तुम्हाला पाय आहेत कुठे?"

टिटव्यांची प्रार्थना सुरू झाली तेव्हा अडचण आली. बगळ्यांच्या पिल्लांना पाठीवर पडलं की पाय सरळ ठेवता येईनात, पाणकावळ्यांची पिल्लं लोळतच सुटत. कुणीतरी नीट करून दाखवायला हवं होतं. ते काम ठिपकीकडे आलं. ती पुढे सगळ्यांना दिसेल अशी उताणी पडे, दोन्ही पाय ताठ वर करे, डोळे अर्धे मिटे, आणि तिच्याकडे बघून सगळी शाळा उताणी पडे. कालपर्यंत तिला 'ए ठिपक्या, ए दगडा' म्हणणारी बगळ्याची पोरं आता तिचे पाय बघून आपले पाय नीट करत. ठिपकी घरी येऊन सांगे, "आई, आज माझ्यामुळे कुणाचंच आकाश हललं नाही." भागा तिच्या पाठीवरून चोच फिरवे.

आता खडकाकडे जायची वेळ होई तेव्हा वारा पडलेला असे. भिंगरीबाईंनी उन्हात शिकवून पाहिलं. पिल्लं पडत आणि लंगडत परत येत. लंगडणारं पिल्लू पुन्हा एका पायावर उभं राही तेव्हा मोठी माणसं, म्हणजे मोठी पाखरं, कौतुकाने म्हणत, "बघा, किती मन लावून!"

शेवटी एका सकाळी भिंगरीबाईंनी रांग लागायच्या आधीच हाताशी आली ती पिल्लं खडकावर नेली. वारा भरात होता. त्यांनी एकेकाला मागून डोकं मारलं आणि ती पिल्लं गेली. खरंच गेली. आधी खाली, मग सरळ, मग वर, आणि मग ओरडत, हसत, एकमेकांना आदळत तळ्यावर फिरू लागली. भिंगरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या ठिपकीकडे वळल्या. "चल गं, आता तू. लवकर. वारा आहे तोवर."

ठिपकी खडकाच्या टोकाला पोचली. वाऱ्याने तिची पिसं उभी केली. तिने पंख उघडले. मग मिटले.

"आधी प्रार्थना," ती म्हणाली.

"नंतर कर! किती हवी तेवढी कर!"

"मी इथून गेले तर पुढे कोण पडणार? आकाश आलं खाली तर? तुम्ही धराल?" आणि ती खडकावरून उतरून धवलबुवांना सांगायला गेली.

उडालेली पिल्लं दमून खाली आली तेव्हा त्यांची वाट बघत सगळे उभे होते. बिनप्रार्थनेचं उडणं हे उडणं नव्हे, असं एकमुखाने ठरलं. धवलबुवा आणि भिजकेपंतांचं आयुष्यात हे पहिलंच एकमत, त्यामुळे घुमेकाकूंना आनंदाने रडू आलं. त्या पिल्लांच्या पंखांतली लांब पिसं एकेक करून उपटण्यात आली. हे काम त्यांच्याच आयांकडे दिलं होतं, म्हणजे फार दुखणार नाही. पिल्लं ओरडली. आया म्हणाल्या, "गप, झालंच, तुझ्या भल्यासाठीच आहे." पिसं वाऱ्यावर गेली, आणि ती मात्र छान उडाली.

भिंगरीबाईंच्या घरट्याचं तोंड चिखलाने लिंपून टाकलं होतं. त्यांनी ते फोडलं नाही. भागाच्या दगडांवरून त्या अगदी खालून उडत गेल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पाणी बघतेस ना?" आणि गेल्या.

त्यांच्या जागी साळुंकी आली. तिला सगळ्यांच्या प्रार्थना ज्याच्या त्याच्या आवाजात म्हणता येत. बगळ्याची म्हणताना ती बगळ्यासारखी गंभीर होई, होल्याची म्हणताना तिच्या गळ्यात आवंढा येई, आणि खंड्याचं 'काहीच नाही' तर ती इतकं हुबेहूब करी की खंड्याही थक्क झाला. उडण्याबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणे, "ते काय, पंख असले की येतंच."

आणि पाणी उतरत राहिलं. चिखलाची पाठ वर आली. पहिल्यांदा ती मगरीसारखी दिसे, मग म्हशीसारखी, मग रस्त्यासारखी. पलीकडे कोल्हे येऊन बसू लागले. सकाळी शाळेतून प्रार्थनांचा आवाज निघाला की कोल्हे कान टवकारून ऐकत. त्यांच्यातला एक म्हातारा, दात कमी राहिलेला, मान डोलवे.

"बघा," धवलबुवा म्हणाले, "कोल्ह्यांवरसुद्धा परिणाम होतो आहे."

"माझी पोरगी पुढे असते ना, तेव्हा तो म्हातारा अगदी एकटक बघतो," भागा शेजारणीला म्हणाली, आणि आपणच जे बोललो ते तिला ऐकू आलं.

त्या दिवशी ती चिखलापर्यंत चालत गेली. तिने एक पाय ठेवला. रुतला नाही. दुसरा ठेवला. तो चिखल नव्हता. त्याला भेगा पडल्या होत्या.

ती पळतच घरी आली. "ठिपके, उद्या तू रांगेत उभी राहायचं नाहीस. उद्या सकाळी वारा आला की आपण दोघी खडकावर जायचं. मी ढकलते तुला. मला बाईंसारखं येत नाही, पण ढकलेन."

ठिपकीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू आईनेच काहीतरी घाण केली आहे.

"आणि प्रार्थना?"

"उद्या नको."

"मी पाय वर केले नाहीत तर आकाश पडेल. तूच सांगितलंस."

"अगं, नाही पडत!"

"कशावरून?"

भागाने स्वतः कधी पाय खाली ठेवून पाहिलं नव्हतं.

"तूच सभेत भांडलीस," ठिपकी म्हणाली. "आता सगळी शाळा माझ्याकडे बघते आणि तू म्हणतेस नको. आई, तुला भीती वाटते का? तू घाबरू नकोस. मी आहे ना. मी घट्ट धरीन."

सकाळी भागाला जाग आली तेव्हा ठिपकी निघून गेली होती. पाण्यावरून वारा आला. पाणी आता इतकं थोडं होतं की वाऱ्याला धूळच जास्त लागत होती. भागा उडाली आणि तिला वरून दिसलं. वाळलेल्या चिखलावरून कोल्हे चालत येत होते. घाई न करता, एकामागे एक, पायाखाली बघत.

ती ओरडली. टिटवीला ओरडण्यासाठीच केलेलं असतं, आणि त्या सकाळी तिने जे आवाज काढले त्याने बाभळीच्या शेंगा गळून पडल्या म्हणतात. पण शाळेत तेव्हा खंड्याचं 'काहीच नाही' चाललं होतं. शाळा गप्प उभी होती. साळुंकीने वर बघून कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, शांतता पाळा! पालकांनीच असं केलं तर पोरांनी काय शिकायचं?"

"कोल्हे! उडा! उडा!"

मोठ्या पाखरांनी वळून पाहिलं. आणि मोठी पाखरं उडाली. त्यांना येत होतं. धवलबुवा दुसरा पाय सोडून उडाले आणि तो आहे हे सगळ्यांनी पाहिलं. भिजकेपंत, घुमेकाकू, खंड्या, साळुंकी, आया, बाप, काका, सगळे एकदम वर गेले आणि बेटावर गोल फिरू लागले. इतके की पिल्लांवरचं ऊन गेलं.

खाली पिल्लं बघत राहिली. कुणी रांग मोडली नाही. पंख कशासाठी उघडायचे ते त्यांना ठाऊक होतं, सूर्याकडे तोंड करून, पण सूर्य आता दिसत नव्हता. काहींनी एक पाय वर घेतला. काही वाकली. उपटलेल्या पिसांची पिल्लं आपल्या आयांकडे बघून चोची उघडत होती. वरून कुणी ओरडत होतं, पळा, कुणी ओरडत होतं, उडा, कुणी आपल्याच पिल्लाचं नाव घेत होतं, आणि या सगळ्यात पिल्लांना ओळखीचं वाटेल असं काहीच नव्हतं.

मग ठिपकीने वर पाहिलं. तिला वाटलं, आता माझी वेळ झाली. ती पुढे गेली, उताणी पडली आणि दोन्ही पाय ताठ वर केले. तिच्याकडे बघून सगळी शाळा उताणी पडली. बगळ्यांची पोरंसुद्धा. एकाचाही पाय वाकडा नव्हता.

"शाबास," वरून धवलबुवांच्या तोंडून निघून गेलं.

कोल्हे बेटावर चढले. दात कमी असलेला म्हातारा जरा थांबला, कारण इतकं सोपं काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मग कडेच्या रांगेपासून त्यांनी सुरुवात केली. पायाला धरायचं, झटका द्यायचा. कडकड आवाज येत होता. मधली पिल्लं तो आवाज ऐकत होती आणि डोळे आणखी घट्ट मिटत होती.

भागा वरून सरळ खाली सुटली. पंख ठोकून कोल्ह्यांची डोकी फोडत, एकाच्या डोळ्यात चोच मारून ती पुढे निघाली. तिला फक्त एक गोष्ट करायची होती. जे प्रत्येक टिटवी करते ते. पोरीवर बसून तिला पोटाखाली घ्यायचं होतं.

ठिपकी अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बघत होती. वर अंधारलं होतं, आणि त्या अंधारातून काहीतरी मोठं, पांढरं, सुटून थेट तिच्यावर खाली येत होतं. जवळ, आणखी जवळ. ते इतकं जवळ आलं की दुसरं काही दिसेना. तिला भीती वाटली नाही. तिने श्वास रोखला, आपल्या लांब पिवळ्या पायांत होतं तेवढं बळ आणलं, आणि त्या पांढऱ्या पोटावर दोन्ही पाय टेकवून ते दूर लोटलं.